प्रतिकृती पारखताना

15 ऑक्टोबर 1997 रोजी अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात ‘थ्रस्ट एसएससी’ ही मोटार ताशी सुमारे 1228 कि.मी. वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षाही जलद धावली. तिच्या प्रतिकृती करणारे बहुधा रंगकामातच रमतात. पारख मात्र चाकांवरून करावी. मूळ गाडीची चाके ॲल्युमिनियमची आहेत. रबरी टायर एवढ्या वेगात फाटून उडतील. वळतात ती मागची चाके, आणि अरुंद शेपटीत मावावीत म्हणून ती पुढे-मागे बसवली आहेत. हे चुकले तर उरते नुसते खेळणे.

दुसरी कसोटी गणिताची. 1:25 प्रमाणात 16.5 मीटर लांबीचे 66 सें.मी. होतात, पण त्याच धातूंतून तंतोतंत घडवल्यास सुमारे साडेदहा टन वजन 15,625 पट घटून पाऊण किलोपेक्षाही कमी भरते. असे का, हे मुलांना शोधू द्यावे. प्रतिकृतीचे खरे मोल तिथे आहे.