परक्याच्या नजरेतलं ब्रिटन : विन्ये आणि त्याची मोजपट्टी

आज आपण १८६३ साली एडिंबरात प्रसिद्ध झालेल्या एका प्रवासपर पुस्तकाबद्दल बोलणार आहोत. ‘अ नॉर्समन्स व्ह्यूज ऑफ ब्रिटन अँड द ब्रिटिश’ हे त्याचं नाव. लेखक ओस्मुंड विन्ये, नॉर्वेचा कवी आणि पत्रकार.

आता हा माणूस कोण, ते आधी पाहू. १८१८ मध्ये तेलेमार्क भागात एका कुळाच्या घरी त्याचा जन्म झाला. पुढे तो कायदा शिकला, आणि १८५८ मध्ये त्याने ‘ड्योलन’ हे साप्ताहिक काढलं. त्या काळात नॉर्वेतले शिकलेले लोक लिहायचे डॅनिश वळणाच्या भाषेत. विन्येने मात्र खेड्यापाड्यांतल्या बोलींवर उभारलेली नवी लेखनभाषा उचलली. म्हणजे भाषेचा आणि प्रतिष्ठेचा संबंध काय असतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

असा माणूस ब्रिटनवर लिहायला बसतो तेव्हा चक्क इंग्रजीत लिहितो. आम्हाला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. एंगल्सने इंग्लंडमधल्या कामगारांच्या हालांवर १८४५ मध्ये पुस्तक लिहिलं, पण ते जर्मनमध्ये. त्याचं इंग्रजी भाषांतर यायला चाळीसेक वर्षं लागली. विन्येने ज्यांच्यावर टीका केली, त्यांच्याच हातात, त्यांच्याच भाषेत ती ठेवली. पाठीमागे बोलणं वेगळं आणि तोंडावर बोलणं वेगळं.

त्याची टीका कशावर आहे? श्रीमंत आणि गरीब यांच्यातल्या दरीवर तर आहेच. पण त्याहून जास्त ती आहे उमरावशाहीपुढे, पैशापुढे आणि पदव्यांपुढे झुकण्याच्या सवयीवर. विषमता फक्त वरच्यांच्या जोरावर टिकत नाही, खालच्यांच्या आदरावरही टिकते, हे त्याच्या टीकेचं मर्म आहे.

हे त्याला का खुपलं असेल? कारण त्याच्या देशाने १८२१ मध्येच कायद्याने सरदारकीचे हक्क मोडीत काढायला घेतले होते. ब्रिटनमध्ये मात्र तेव्हा प्रौढ पुरुषांपैकी साधारण पाचातल्या एकालाच मत होतं, आणि स्त्रियांना तर नव्हतंच. आपल्या मनात त्या काळातला इंग्रज म्हणजे ‘साहेब’. त्या साहेबाच्या स्वतःच्या देशात बहुतेकांना मताचा अधिकार नव्हता, हे आपणही ध्यानात ठेवायला हवं.

पण समीक्षा म्हणजे नुसतं कौतुक नव्हे. विन्येची मोजपट्टी दोन ठिकाणी अडते.

पहिली गोष्ट आकाराची. १८६० च्या दशकात अख्ख्या नॉर्वेची लोकसंख्या साधारण १७ लाख, आणि एकट्या लंडनची २८ लाखांच्या घरात. खोऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या शेतकऱ्यांच्या समाजाचं माप गिरण्यांच्या शहरांना लावलं की दोष चटकन दिसतात, त्यांची कारणं तितकी दिसत नाहीत. त्याच वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस थांबला आणि लँकेशायरचे हजारो कामगार उपाशी बसले. ते काही सरदारांपुढे झुकल्यामुळे नव्हे. तो बाजाराचा फटका होता.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. नॉर्वेत सरदार राहिले नाहीत, पण विन्येच्या बापासारखी कुळं होतीच. दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर झोपडी, बदल्यात मालकाकडे राबणं, आणि मत नाही. मग ज्या नॉर्वेच्या मापाने ब्रिटन मोजायचं, तो नॉर्वे नक्की कुणाचा?

विन्येच्या लेखनाबद्दल नॉर्वेत ‘त्वीसीन’ हा शब्द वापरतात. एकाच वेळी दोन बाजू पाहणारी नजर. आमचं मत असं की, ब्रिटनकडे पाहताना ही दुहेरी नजर थोडी आखडते.

तरी त्याला दांभिक म्हणता येणार नाही. मायदेशीही त्याने सरकारवर टीका केली आणि १८६८ मध्ये त्यापायी सरकारी नोकरी गमावली. १८७० मध्ये तो गेला. हे पुस्तक त्याच्या स्वतःच्या भाषेत आलं ते त्यानंतर, १८७३ मध्ये.

म्हणून मंडळी, परक्याने केलेली टीका वाचताना आपण दोन प्रश्न विचारूया. ती कुणाला ऐकू जावी म्हणून लिहिली आहे? आणि तिची मोजपट्टी घरी लावली तर काय दिसेल? पहिल्या प्रश्नात विन्ये अव्वल उतरतो. दुसऱ्याचं उत्तर त्याच्या बापाच्या झोपडीत होतं.