पावाची मिरवणूक

नवें उपाहारगृह निघणें ही शहराच्या आयुष्यांतील नित्याची गोष्ट होय. तिचा उत्सव होऊं लागला म्हणजे मात्र टीकाकारास लेखणी उचलावी लागते. मॅकडोनाल्ड्स या अमेरिकन पेढीनें इ. स. १९९६ च्या ऑक्टोबर महिन्यांत प्रथम दिल्लीस वसंत विहारांत व लागलीच मुंबईस वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर आपलें दुकान मांडलें. तेव्हां झालेला गाजावाजा आठवला म्हणजे आम्हांस अजून मौज वाटते. जग आतां वांद्र्यास आलें, असाच एकंदर सूर होता.

परंतु आलें तें काय? ज्या गोमांसावर पेढीचें नांव झालें तें येथें वर्ज्य करावें लागलें. त्याच्या जागीं मेंढराचें मांस घालून त्या पदार्थास 'महाराजा' ही पदवी दिली. शाकाहाऱ्यांकरितां बटाट्याची टिक्की पावांत घातली. पावांत बटाटा! दादर स्टेशनाबाहेर उभ्याउभ्या वडापाव खाऊन जेथें गिरणीकामगारांची एक पिढी पाळीवर गेली, त्या शहरास हें नवल म्हणून दाखवावयाचें, यास धाडसच पाहिजे.

मॉस्कोची गोष्ट निराळी. तेथें ३१ जानेवारी १९९० रोजीं याच पेढीचें दुकान पुश्किन चौकांत उघडलें, आणि पहिल्याच दिवशीं ३०,००० हून अधिक माणसें जेवून गेलीं. ज्यांच्या बाजारांत साध्या जिनसांचीहि भ्रांत, त्यांची रांग आम्हांस समजते. मुंबईस खाण्याचा दुष्काळ कोठें होता?

तथापि हंसून मोकळें व्हावें असें आम्हांस वाटत नाहीं. दुष्काळ होता, पण तो निराळ्या गोष्टींचा. ठळक लिहिलेले दर, पुसलेलें मेज, मुलांस घेऊन गृहिणीस संकोचावांचून बसतां येईल अशी जागा, आणि, लिहावयास लाज कां वाटावी, स्वच्छ शौचकूप! आमच्या इराण्यांनीं 'फॅमिली रूम' काढून कुटुंबवत्सलांची थोडी सोय केली होती, हें खरें. पण इतरत्र चहाचा शेवटचा घोट घेतों न घेतों तोंच बिल पुढें येई, आणि खुर्चीमागें दुसरें गिऱ्हाईक तिष्ठत असे. वांद्र्याच्या रांगेंतील पुष्कळांस टिक्कीपेक्षां निवांत खुर्चीचीच ओढ होती, असें आमचें मत आहे. गौरव करणारांनीं चवीचे पोवाडे गायिले. या खुर्चीविषयीं क्वचितच कोणी लिहिलें. आमच्या उपाहारगृहांच्या मालकांनीं त्या महिन्यांत तेथें जाऊन बटाटा न चाखतां नुसती मोरी पाहिली असती, तरी पुरे होतें.