बत्तीस बिटांचे सोंग

मायफेअर क्लासिक हे नुसते जवळ धरले की चालणारे कार्ड १९९४ साली बाजारात आले आणि बसच्या तिकिटापासून कचेरीच्या दारापर्यंत पसरले. २००८ साली नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातल्या ‘क्रिप्टो-१’ या गुप्त ठेवलेल्या स्ट्रीम सायफरचा उलगडा केला. कंपनी कोर्टात गेली. कोर्टाने प्रकाशन रोखण्यास नकार दिला. या प्रकरणाबद्दल बोलताना ४८ बिटांच्या आखूड किल्लीला दोष दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो.

ओळख पटवताना कार्ड आधी एक ‘यादृच्छिक’ संख्या पाठवते. ती ३२ बिटांची, म्हणजे शक्यता सुमारे ४२९ कोटी. पण ती निघते १६ बिटांच्या शिफ्ट रजिस्टरमधून. पहिले १६ बिट कळले की उरलेले १६ आपोआप ठरतात. ४२९ कोटींच्या उरतात ६५,५३५. हे रहाटगाडगेच आहे : गाडग्यांचा क्रम ठरलेला, पूर्ण फेरा सुमारे ०.६ सेकंदाचा, आणि कार्डाला वीज मिळाली की सुरुवात दर वेळी त्याच गाडग्यापासून.

असोद्यात माझ्याकडे एक बाद झालेले हजेरीचे कार्ड पडून होते. वीज तोडायची, पुन्हा द्यायची, मोजून तेवढाच वेळ थांबायचे आणि संख्या मागायची. तीच संख्या पुन्हा आली. मला आधी माझ्याच जोडणीत चूक वाटली. दोन संध्याकाळी तारा तपासण्यात गेल्या.

याचा फटका मोठा आहे. कार्डाच्या प्रत्येक विभागाला वेगळी किल्ली असते. एक किल्ली हाती आली की दुसऱ्या विभागाची संख्या सांकेतिक रूपात येते. पण मूळ संख्या ओळखता येत असल्याने झाकणारे ३२ बिट उघडे पडतात आणि त्यांतून दुसरी किल्ली. राडबाउडच्याच संशोधकांनी २००९ साली हे दाखवले.

इथे मात्र मला माझ्या मताला मुरड घालावी लागते. पुढे काही कार्डांत ही संख्या सुधारली गेली, तरी २०१५ साली तीही फुटली. कारण स्ट्रीम सायफर हासुद्धा छद्म-यादृच्छिक जनकच असतो. क्रिप्टो-१ चे गाळणीफल ४८ पैकी फक्त २० बिट पाहते, तेही एकाआड एक जागांवरचे. शिवाय पॅरिटी बिट उघड्या मजकुरावरून काढतात आणि ज्या बिटाने तो झाकतात, त्यानेच मजकुराचा पुढचा बिटही झाकतात. म्हणजे एक भोक बुजवले, दुसरे तसेच राहिले.

‘हलके सायफर, एवढे चालायचेच’ हा बचाव मला पटत नाही. २००८ च्या ई-स्ट्रीम निवडीतले ट्रिव्हियमही हलकेच. त्याची किल्ली ८० बिटांची, पण आतली अवस्था २८८ बिटांची. क्रिप्टो-१ मध्ये किल्ली ४८ आणि अवस्थाही ४८. हजेरीयंत्र विकणाऱ्याला मी विचारले, कार्डातली संख्या येते कुठून? त्याने मला किल्लीची लांबी सांगितली.