आरोपीचा वकील : कथेतला आणि कोर्टातला



कोर्टातल्या रहस्यकथा आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचल्यात. अर्ल स्टॅन्ले गार्डनरचा पेरी मेसन घ्या. अशिलावर खुनाचा आळ, पुरावा सगळा विरुद्ध, आणि शेवटी उलटतपासणीत खरा खुनी उघडा पडतो. वाचायला मजा येते, नाही असं नाही. पण माझी तक्रार अशी की, इथे लेखक वकिलाला मूळ प्रश्नापासूनच वाचवतो. अशील निर्दोष आहे हे ठरलं की नैतिक पेच उरतो कुठे? खरा पेच अशील दोषी असताना, किंवा तो दोषी आहे की नाही हे वकिलाला कळायला मार्गच नसताना.

चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा ‘कोर्ट’ हा साचा मोडतो. नारायण कांबळे हा शाहीर. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा आरोप. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली आहे. कामगाराची विधवा साक्ष देते : नवरा दारू प्यायचा, गटारात उतरताना अंगावर संरक्षणाचं साधन नसे. रहस्यकथेत इथे टाळ्या पडल्या असत्या. इथे काय पडते? पुढची तारीख! सरकारी वकीलबाईही खलनायिका नाहीत. संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागणारी ती बाई आहे. शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागते आणि आरोपी आतच राहतो. अन्यायाला दुष्ट माणूस लागतोच असं नाही, हे या चित्रपटाने फार शांतपणे दाखवलं.

तरी एक उणीव सांगतो. आरोप इतका पोकळ आहे, की बचावाच्या वकिलाची बाजू घेताना प्रेक्षकाला काहीच मोजावं लागत नाही. अवघड परीक्षा चित्रपटाबाहेर झाली, २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याच्या खटल्यात. कसाबचं वकीलपत्र कोणी घेऊच नये, असं तेव्हा पुष्कळांना वाटत होतं. तो संताप मी समजू शकतो. पण त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते. त्यांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. मे महिन्यात निकाल लागला, ते दोघे सुटले. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम केली. आता सांगा, संतापाच्या भरात तिघांनाही वकील नाकारला असता, तर हा फरक कोणी केला असता? आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही असे वकील संघांचे ठराव बेकायदा आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१०मध्ये सांगितलं, ते यासाठीच.

वर्ध्यात बोलतोय म्हटल्यावर कोणीतरी विचारणारच : गांधीजींनी काय केलं असतं? आत्मकथेत प्रसंग आहे. जोहान्सबर्गला खटला चालू असताना अशिलाने आपल्याला फसवलं हे त्यांना कळलं, आणि त्यांनीच मॅजिस्ट्रेटला खटला काढून टाकायला सांगितलं. मोठी गोष्ट आहे. पण बरं का, खोटा दावा मागे घेणं वेगळं आणि पिंजऱ्यातल्या माणसाला एकटं सोडणं वेगळं. दावा मागे घेतला तर दुसऱ्यावरचा अन्याय थांबतो. आरोपीला सोडलं, तर समोर पोलीस, सरकारी वकील, तुरुंग अशी सगळी सत्ता. आणि तिला ‘पुरावा दाखवा’ म्हणणारं कोणी उरत नाही.

मग वकिलाने खोटं बोलावं का? नाही. खोटा साक्षीदार उभा करणं हा बचाव नव्हे, तो गुन्हाच. मर्यादा तिथे आहे. ‘माझा अशील निष्पाप आहे’ अशी शपथ वकील घेत नसतो. ‘तुम्ही सिद्ध केलेलं नाही’ एवढंच तो म्हणतो. या दोन वाक्यांतलं अंतर ज्या लेखकाला कळलं, त्याची कोर्टकथा खुनी सापडल्यावरही संपत नाही.