एकांतांतला प्याला

घरीं कोणी नसतां जुन्या, मुरलेल्या मद्याचा घोट रसिकतेनें घ्यावा, त्यांत कोणाचें काय जातें, हा पक्ष हिंगोलीसारख्या गांवींही मांडला जाईल. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’वर तो घांसून पाहावा. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकांतील आर्य मदिरा मंडळ हंसवितें; भय उपजतें तें दारू सुधाकराच्या घरांत शिरल्यावर. तेथें तो एकटा नसतो. दळण दळणारी सिंधू असते. आस्वादास गडकऱ्यांनीं जागा ठेविली नाहीं. त्यांचा पहिला घोट वकिलीच्या सनदेवरून झालेल्या अपमानाचा उतारा आहे. हा एकांगीपणा खरा. परंतु चवीचा प्याला कोणता व विस्मृतीचा कोणता, हें एकांतांत पिणारास कोण सांगणार? नाटकाचें बळ याच प्रश्नांत आहे.