हिशेबाचें कलम

सरकारी करारनाम्यांना वाङ्मय म्हणण्याची आपल्याकडे चाल नाहीं. ते वकिलांनीं व इतिहाससंशोधकांनीं चाळावे, इतरांनीं त्यांच्या वाटेस जाऊं नये, असाच सर्वसाधारण समज आहे. तथापि सी. यू. एचिसन यांच्या संपादकत्वाखालीं १८६२ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या तहनाम्यांच्या संग्रहांतील हैदराबादविषयक भाग परभणीकडील वाचकानें एकदां तरी लक्षपूर्वक वाचावा. राज्य कर्जांत कसें बुडतें, आणि कर्ज फिटूनहि तें मोकळें कां होत नाहीं, हें त्यांतील १८५३ व १८६० च्या दोन तहांवरून उत्तम कळतें.

या कर्जाचें मूळ लष्करी खर्चांत होतें. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या वेळीं उभी राहिलेली फौज पुढें ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नांवानें प्रसिद्धीस आली. तिचा पगार निजामानें द्यावा आणि तिच्यावर हुकूम इंग्रजांनीं चालवावा, अशी व्यवस्था होती. तिची एक छावणी हिंगोलीस होती. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. खर्च भागेना म्हणून पामर आणि कंपनी या पेढीचें कर्ज झालें. तें वारण्यासाठीं १८२३ मध्यें उत्तर सरकार प्रांताबद्दल मिळणारी सालीना ७ लाखांची पेशकश १,१६,६६,६६६ रुपये घेऊन निजामानें कायमची सोडली. एवढें करूनहि फौजेचा पगार पुन्हां थकला आणि सावकाराच्या जागीं खुद्द ईस्ट इंडिया कंपनी येऊन बसली.

१८५३ च्या तहाची भाषा मोठी सौजन्याची आहे. फौज किमान ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार व ४ तोफखाने इतकी असावी, हें त्यांत नेमकें सांगितलें आहे. तिच्या खर्चासाठीं वऱ्हाड, नळदुर्ग व रायचूर दुआब हे मुलूख लावून दिले आहेत. परंतु त्या मुलखांच्या कारभारावर जास्तींत जास्त किती खर्च करावा, हें मात्र कोठेंच सांगितलेलें नाहीं. इतक्या काळजीपूर्वक लिहिलेल्या मजकुरांत ही उणीव ठळकपणें डोळ्यांत भरते. तरीहि एक कलम निजामाच्या हिताचें होतें: रेसिडेंटानें दरसाल खरा हिशेब द्यावा व उरलेली शिल्लक परत करावी.

१८६० चा तह वरवर पाहतां उदार वाटतो. १८५७ च्या उठावांत निजाम इंग्रजांच्या बाजूस राहिला, त्याचें तें बक्षीस होतें. ५० लाखांचें कर्ज माफ झालें. नळदुर्ग व रायचूर दुआब परत मिळाले. सुरपूर संस्थानहि मिळालें. मात्र त्याच तहानें मागील, चालू व पुढील असा कोणताहि हिशेब मागण्याचा हक्क निजामानें सोडला, आणि वऱ्हाडच्या कारभारावर किती खर्च करावा हें सर्वस्वीं इंग्रज सरकारच्या मर्जीवर राहिलें. कर्ज गेलें, पण त्याबरोबर हिशेबाचें कलमहि गेलें.

पहिले सालारजंग १८५३ मध्यें चोविसाव्या वर्षीं दिवाण झाले. त्यांच्या काटकसरीची इतिहासकारांनीं केलेली स्तुति यथार्थच आहे. त्यांनीं वसुलाचे मक्ते मोडले आणि १८६५ मध्यें जिल्हाबंदी करून पगारी अधिकारी नेमले. परंतु ज्या खर्चानें दौलत पोखरली, तो त्यांच्या हातांतलाच नव्हता. वऱ्हाड परत मिळावा यासाठीं त्यांनीं पुष्कळ खटपट केली; १८७६ मध्यें ते विलायतेसहि जाऊन आले; पण यश आलें नाहीं. १९०२ मध्यें वऱ्हाड सालीना २५ लाखांच्या कायम पट्ट्यानें इंग्रजांकडे गेला, आणि लौकरच कंटिंजंटहि हिंदी सैन्यांत विलीन झाली.

यावर कोणी म्हणेल कीं, इंग्रजी अमलांत पैनगंगेपलीकडे रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, तेव्हां तक्रार कशाची? हा आक्षेप अगदींच टाकाऊ नव्हे. परंतु कारभार चांगला असणें व त्याचा हिशेब मिळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली राज्यकर्त्याच्या स्वभावावर अवलंबून असते. दुसरीला कलम लागतें.

आज महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढें ठेवणें राज्यघटनेच्या १५१ व्या कलमान्वयें बंधनकारक आहे. अंदाजपत्रकाच्या दिवसांत आपण कर्जाचा आंकडा वाचून हळहळतों, आणि तो अहवाल मात्र न उघडतांच बाजूस ठेवतों. निजामानें हा हक्क तहावर सही करून सोडला. आपण तो सही न करतांच सोडूं नये.