रुग्णाचा नकार आणि डॉक्टरांचे उत्तरदायित्व : न्यायनिवाड्यांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

रुग्णालयांच्या दप्तरात एक छापील नमुना नेहमी आढळतो. उपचार अर्धवट सोडून घरी जाऊ पाहणाऱ्या रुग्णाची अथवा त्याच्या नातेवाइकांची त्यावर सही घेतली जाते. 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास नेत असून पुढील परिणामांस डॉक्टर वा रुग्णालय जबाबदार राहणार नाही', असा त्याचा आशय असतो. रुग्णालयीन बोलीत याला 'डामा' म्हणतात. हा कागद रुग्णाने नकार दिल्याची नोंद करतो. परंतु नकार नेमका कोणी दिला, का दिला, तो देण्यापूर्वी त्याला काय सांगितले गेले आणि नकारानंतर डॉक्टरांनी काय केले, या चार प्रश्नांविषयी तो बहुधा मौन बाळगतो.

रुग्णाच्या स्वायत्ततेचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने न्यायालयीन निवाड्यांतून घडला. मात्र हा विचार दोन वेगळ्या प्रवाहांत वाढला. पहिला प्रवाह संमतीचा. तो नुकसानभरपाई व ग्राहक संरक्षण कायद्याच्या अंगाने आला. दुसरा मृत्यूचा, तो राज्यघटनेचे कलम २१ आणि फौजदारी कायद्यातील आत्महत्येसंबंधीची तरतूद यांच्या अंगाने आला. शुद्धीवर असलेल्या, विचार करू शकणाऱ्या रुग्णाचा साधा नकार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी हरवला. त्यामुळे नकाराच्या क्षणी डॉक्टरांचे कर्तव्य संपते, असा समज व्यवहारात रूढ झाला. प्रस्तुत लेखात महत्त्वाच्या निवाड्यांच्या आधारे या समजाची चिकित्सा केली आहे.

संमती कोणाची?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेतील नियम ७.१६ शस्त्रक्रियेपूर्वीच्या लेखी संमतीविषयी आहे. संमती कोणाकडून घ्यावी हे सांगताना त्यात प्रथम पती वा पत्नीचा, नंतर अज्ञान रुग्णाच्या बाबतीत आईवडील वा पालकाचा आणि सर्वांत शेवटी खुद्द रुग्णाचा उल्लेख येतो. हा क्रम केवळ लेखनातील योगायोग मानता येईल. परंतु रुग्णालयातील प्रत्यक्ष व्यवहाराशी तो तंतोतंत जुळतो. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली अधिसूचित केली आणि त्याच महिन्यात ती स्थगित करून २००२ चीच संहिता पुन्हा लागू केली. यावरून या विषयातील अनिश्चितता लक्षात यावी.

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा समीरा कोहली निवाडा महत्त्वाचा ठरतो. रुग्ण ४४ वर्षांची अविवाहित स्त्री होती. निदानासाठी दुर्बिणीद्वारे करावयाच्या तपासणीस तिने संमती दिली होती. ती भुलीच्या अमलाखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. रुग्ण प्रौढ व सक्षम आहे, ती केवळ तात्पुरती बेशुद्ध आहे आणि तातडीने जीव वाचविण्याचा प्रसंग नाही, अशा स्थितीत आईची संमती ही रुग्णाची संमती होऊ शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. डॉक्टरांनी सद्हेतूने व रुग्णाच्या हितासाठी शस्त्रक्रिया केली, हे मान्य करूनही न्यायालयाने त्यांना दोषी धरले. हित साधले म्हणून अधिकाराचा भंग पुसला जात नाही, हे या निवाड्याचे सार होय.

तथापि या निवाड्यालाही मर्यादा आहेत. रुग्णाला किती माहिती द्यावी, याचा निकष ठरविताना न्यायालयाने अमेरिकेतील 'जाणीवपूर्वक संमती'ची कल्पना स्वीकारली नाही. इंग्लंडमधील 'वास्तव संमती'ची वाट धरली. परिणामी सर्वसाधारण डॉक्टर जेवढे सांगणे योग्य समजतात, तेवढे सांगणे पुरेसे ठरले. म्हणजे संमतीचा अधिकार रुग्णाचा, पण तिच्यासाठी लागणाऱ्या माहितीचे माप वैद्यकीय व्यवसायाच्या हाती. नुकसानभरपाईची २५,००० रुपयांची रक्कमही या अधिकाराचे मोल किती अल्प मानले गेले, हे दर्शविते.

मृत्यूच्या छायेतील नकार

दुसऱ्या प्रवाहाचा आरंभ आत्महत्येच्या प्रश्नातून झाला. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. रथिनम खटल्यात तीच भूमिका घेतली. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात घटनापीठाने ती फिरविली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क समाविष्ट नाही. परंतु मृत्यू अटळ झालेला असताना तो प्रतिष्ठेने येण्याचा हक्क मात्र त्यात आहे, असे या पीठाने सूचित केले.

या चौकटीतच अरुणा शानबाग खटला उभा राहिला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात अमानुष हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे पुढील सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांचे पोषण थांबवावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी दाखल केली. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या पीठाने ती फेटाळली. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणास मुभा दिली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा शानबाग यांचे निधन झाले.

या निवाड्यातील एक मुद्दा विशेष विचारात घ्यावयास हवा. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीला नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांना आहे, असे न्यायालयाने ठरविले. परिचारिकांनी आपल्या सहकारी भगिनीची पिढ्यानपिढ्या केलेली शुश्रूषा पाहता हा निर्णय भावनेला पटतो, आणि त्या शुश्रूषेचा गौरव व्हावयासच हवा. परंतु तत्त्व म्हणून पाहिल्यास उपचार करणारी संस्था हीच रुग्णाच्या इच्छेची प्रवक्ती ठरते. शुश्रूषेचा अधिकार व निर्णयाचा अधिकार एकाच हाती एकवटतो. जेथे शुश्रूषा एवढी निरपेक्ष नाही, जेथे खाटेच्या प्रत्येक दिवसाचे बिल होते, तेथे हे तत्त्व कोणते रूप घेईल, याचा विचार निवाड्यात दिसत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या रुग्णाला बोलताच येत नव्हते, तिच्या खटल्यावरून या देशात रुग्णाच्या नकाराची सार्वजनिक चर्चा घडली. त्यामुळे 'उपचार नाकारणे' हा विषय 'दयामरण' या शब्दाशी बांधला गेला. ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सक्षम प्रौढ व्यक्तीचा उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला आणि वैद्यकीय पूर्वनिर्देशाला कायदेशीर आधार दिला. परंतु निवाड्यातील तपशीलवार कार्यपद्धती जवळजवळ सर्वस्वी बेशुद्ध वा अक्षम झालेल्या रुग्णासंबंधी आहे. ती इतकी किचकट होती की २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाला ती सुलभ करावी लागली. पूर्वनिर्देशावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीऐवजी नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकने पुरेशी ठरली आणि वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे ठरले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र खाटेवर उठून बसलेला, स्पष्ट शब्दांत 'नको' म्हणणारा रुग्ण या कार्यपद्धतीच्या बाहेरच राहिला.

नकार म्हणजे मृत्यूची इच्छा नव्हे

इंग्लंडमधील दोन निवाडे येथे मार्गदर्शक ठरतात. १९९३ मधील 'सी' खटल्यातील रुग्ण ब्रॉडमूर या सुरक्षित मनोरुग्णालयातील ६८ वर्षांचा गृहस्थ होता. त्याला स्किझोफ्रेनिया होता व पायाला गँगरीन झाले होते. गुडघ्याखालून पाय न कापल्यास वाचण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असल्याचे मत शल्यविशारदाने दिले होते. रुग्णाने शस्त्रक्रिया नाकारली, मात्र पर्यायी उपचार स्वीकारले; त्यांनी तात्कालिक धोका टळला. माहिती समजणे, तिच्यावर विश्वास ठेवणे आणि तिचा साधकबाधक विचार करून निवड करणे, या तीन कसोट्यांवर न्यायालयाने त्याची क्षमता तपासली. मानसिक आजार असूनही ती शाबूत असल्याचे ठरवून त्याचा नकार ग्राह्य धरला. या रुग्णाला मरण नको होते. त्याला पाय हवा होता. डॉक्टरांनी नकारानंतरही उपचार चालू ठेवले म्हणूनच हे शक्य झाले.

१९९२ मधील 'टी' खटला याची दुसरी बाजू दाखवितो. मोटार अपघातानंतर रुग्णालयात दाखल झालेल्या गर्भवती तरुणीने आईशी एकांतात बोलणे झाल्यावर रक्त घेण्यास नकार दिला. आई यहोवाज विटनेसेस पंथाची होती. हा नकार तिचा स्वतःचा नसून आईच्या प्रभावाखालचा आहे व तिला पुरेशी माहितीही नव्हती, असे न्यायालयाने ठरविले आणि रक्त देणे योग्य मानले. म्हणजे नकाराचा आदर करणे याचा अर्थ तोंडून निघालेला प्रत्येक 'नाही' निमूटपणे मान्य करणे असा होत नाही. तो कोणाचा, कोणत्या माहितीवर आणि कोणत्या दडपणाखाली दिलेला आहे, याची शहानिशा हाही आदराचाच भाग होय.

या दोन्ही निवाड्यांत डॉक्टर नकारापाशी थांबत नाहीत. एकात ते पर्याय शोधतात, दुसऱ्यात ते नकाराचा उगम तपासतात. आपल्याकडील छापील नमुना नेमकी हीच दोन कामे गाळतो.

परिस्थितीचा नकार

भारतीय संदर्भात या चर्चेला आणखी एक परिमाण आहे. येथे उपचार नाकारणाऱ्यांपैकी अनेकांचा नकार उपचाराला नसतो, खर्चाला असतो. अतिदक्षता विभागातील आणखी एक दिवस म्हणजे विकावे लागणारे जनावर किंवा गहाण पडणारी जमीन, हा हिशेब मनात ठेवून 'आता घरी नेतो' असे म्हटले जाते. कागदावर मात्र तो रुग्णाच्या स्वायत्ततेचा वापर म्हणून नोंदला जातो. स्वेच्छेने दिलेला नकार आणि परिस्थितीने वदवून घेतलेला नकार यांतील भेद पुसणे हा या नमुन्याचा सर्वांत गंभीर दोष होय.

या ठिकाणी डॉक्टरांचे उत्तरदायित्व वैद्यकीय ज्ञानापुरते मर्यादित राहत नाही. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखून ठेवण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अस्तित्वात आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. नकाराची सही घेण्यापूर्वी ही माहिती रुग्णाला देणे हा औपचारिक उपकार नव्हे. ज्या माहितीअभावी नकार दिला जातो, ती न देता घेतलेली सही 'वास्तव' म्हणता येणार नाही. समीरा कोहली निवाड्यातील संमतीचे तत्त्व नकारालाही लागू करावयाचे, तर एवढे मान्य करणे क्रमप्राप्त आहे.

डॉक्टरांची बाजू

या विवेचनात डॉक्टरांच्या अडचणींकडे दुर्लक्ष करणे अन्याय्य होईल. १९८९ च्या परमानंद कटारा निवाड्याने तातडीच्या प्रसंगी जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरविले. १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली. रुग्णालयांवरील हल्ले वाढल्याने महाराष्ट्राला २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. उपचार केले तर जबरदस्तीचा आणि न केले तर हलगर्जीपणाचा आरोप, अशा कात्रीत सापडलेला डॉक्टर सहीच्या कागदाचा आसरा घेतो, हे समजण्यासारखे आहे. आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा देणारे जुने कलम ३०९ असताना जीवनरक्षक उपचार नाकारणाऱ्या रुग्णाला साहाय्य केल्याचा ठपका येईल, ही भीतीही निराधार नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही आणि २०१८ च्या निवाड्याने उपचार नाकारणे व आत्महत्या यांतील भेद मांडला आहे. त्यामुळे ही भीती आता बरीचशी ओसरावयास हवी.

परंतु भीतीपोटी घेतलेली सही डॉक्टरांचेही संरक्षण पुरते करीत नाही. २००२ च्या संहितेतील नियम २.४ नुसार एकदा रुग्ण हाती घेतल्यावर डॉक्टरांनी त्याची हेळसांड करू नये आणि पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय त्याला सोडू नये. एका उपचारास दिलेला नकार म्हणजे डॉक्टरांशी असलेल्या नात्यालाच दिलेला नकार नव्हे. शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्याला वेदनाशामक औषध हवे असते. कृत्रिम श्वसन नको म्हणणाऱ्याला धाप कमी करणारा उपचार हवा असतो. घरी जाणाऱ्याला औषधांची चिठ्ठी, घ्यावयाची काळजी आणि गरज पडल्यास परत येण्याचा दरवाजा हवा असतो. आपण वैद्यकीय सल्ला मोडून गेलो, आता कोणत्या तोंडाने परत जावे, या संकोचापायी रुग्ण उशीर करतो. हा संकोच त्या नमुन्याच्या भाषेनेच त्याच्या मनात पेरलेला असतो.

निष्कर्ष

निवाड्यांच्या वाचनातून असे दिसते की, भारतीय कायद्याने रुग्णाचा नकार तत्त्वतः मान्य केला आहे. पण संमतीच्या प्रवाहात तो माहितीच्या निकषापाशी अडला आणि मृत्यूच्या प्रवाहात तो बेशुद्ध रुग्णापुरता संकोचला. नकारानंतरच्या कर्तव्याची संहिता अद्याप लिहिली गेलेली नाही. तिच्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नकार कोणाचा, कशामुळे, कोणत्या माहितीनंतर आणि त्यापुढे कोणती शुश्रूषा दिली, या चार बाबींची नोंद करणारा नमुना प्रत्येक रुग्णालयाला आजही तयार करता येईल. वैद्यकीय महाविद्यालयांच्या अध्यापनातही संमती मिळविण्याइतकेच नकार ऐकून घेण्याचे शिक्षण समाविष्ट व्हावयास हवे. रुग्णाचा नकार डॉक्टरांना एका विशिष्ट उपचारापासून रोखतो, रुग्णापासून नव्हे. जबाबदारीतून मोकळे करणारी सही आणि जबाबदारी निश्चित करणारी नोंद यांतील अंतर ओळखणे, ही या विषयातील पुढील वाटचालीची पहिली अट होय.